टाहो : किंचाळणाऱ्या गाण्यांचं एक जर्नल

"अगं, त्याला कोणी मारतंय का?"

फर्स्ट इयरला माझ्या रूममेटने मला विचारलेला हा पहिला खरा प्रश्न. होस्टेलवर येऊन तेव्हा बारा दिवस झाले होते. बारा दिवसांत 'दार लाव' आणि 'लाइट बंद करू का' यापलीकडे आम्ही काहीच बोललो नव्हतो. त्या रात्री माझ्या इअरफोनची पिन नीट बसली नव्हती आणि मोबाइलमधून एक जपानी माणूस अख्ख्या खोलीभर किंचाळत होता. मी घाईघाईने बंद करायला गेले, तर ती म्हणाली, "राहू दे. पण त्याला झालंय काय?"

मला उत्तर देता आलं नाही. म्हणून हा लेख.

या संगीताला स्क्रीमो म्हणतात. माझ्या या आवडीची होस्टेलवर यथेच्छ टिंगल होते. मेसमध्ये मिक्सर लागला की "तुझं गाणं लागलं बघ" असं म्हणतात! तेव्हा ठरवलं, की एकदाचं रीतसर जर्नल लिहून सबमिट करून टाकावं. चेक करायला तुम्ही आहातच.

उद्देश

जे संगीत ऐकून बहुतेक लोक कानावर हात ठेवतात, तेच संगीत एकट्या पडलेल्या, कुठल्याच ग्रुपमध्ये न बसणाऱ्या मुलामुलींना इतकं जवळचं का वाटतं, हे शोधणे.

थिअरी : इतिहास

अमेरिकेत १९८० च्या आसपास हार्डकोर पंक नावाचं संगीत जोरात होतं. वेगवान, छोटी गाणी आणि भरपूर राग. राग कोणावर? सरकारवर, पोलिसांवर, समाजावर. १९८५ साली वॉशिंग्टनच्या 'राइट्स ऑफ स्प्रिंग' या बँडने त्याच नावाचा अल्बम काढला. वेग तोच, गोंगाट तोच, पण गाण्यांचं तोंड बाहेरून आत वळलेलं. राग स्वतःवर, आठवणींवर, हातातून निसटलेल्या माणसांवर. बँड फार टिकला नाही, पण वाट पडली.

ती वाट नव्वदच्या दशकात सॅन दिएगोला गेली. तिथे १९९१ मध्ये 'ग्रॅव्हिटी रेकॉर्ड्स' ही छोटी कंपनी निघाली आणि तिथल्या युनिव्हर्सिटीच्या आवारात विद्यार्थ्यांनीच चालवलेल्या 'चे कॅफे'मध्ये असे कार्यक्रम होऊ लागले. पुढे या प्रकाराला स्क्रीमो हे नाव चिकटलं. गंमत म्हणजे त्यातल्या बऱ्याच बँडना ते नाव आवडत नाही!

हे सगळं अंडरग्राउंड, म्हणजे दुकानात सहसा न मिळणारं. सात इंची रेकॉर्ड थोड्याच काढायच्या, कव्हर हाताने चिकटवायची आणि पोस्टाने पाठवायची. कोणता बँड कुठे वाजवणार हे कळायचं ते झेरॉक्स केलेल्या किंवा स्वस्तात छापलेल्या मासिकांतून. कार्यक्रम बहुतेक वेळा कोणाच्या तरी घराच्या तळघरात. स्टेज नाही. बँड जमिनीवर आणि ऐकणारे त्याच्याभोवती गोल. वारली चित्रातला तारपानाच आठवा. तारपेवाला मध्ये आणि बाकीचे एकमेकांना धरून भोवती. नाचणारे कोण आणि बघणारे कोण, हे तिथेही वेगळं काढता येत नाही.

दोन अल्बम मला विशेष सांगायचे आहेत. पहिला न्यूयॉर्कच्या 'सेटिया' या बँडचा, १९९८ चा. ही कॉलेजची मुलं होती. 'सेटिया' हे नाव म्हणजे चुकीच्या स्पेलिंगने लिहिलेलं 'साएता'. जॅझवादक माइल्स डेव्हिसच्या 'स्केचेस ऑफ स्पेन' या अल्बममध्ये त्या नावाची रचना आहे. साएता म्हणजे काय? स्पेनमध्ये अंदालुसिया प्रांतात ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यात मिरवणुका निघतात. तेव्हा गर्दीतून किंवा बाल्कनीतून कोणीतरी एकटं माणूस वाद्याशिवाय आर्त आवाजात गायला लागतं, आणि मिरवणूक त्याच्यासाठी थांबते. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. लेंटच्या दिवसांत चॅपलमध्ये 'वे ऑफ द क्रॉस' व्हायचं, त्यामुळे हे वाचलं तेव्हा अंगावर काटा आला. एका माणसाच्या रडण्यासाठी अख्खी मिरवणूक थांबते, ही कल्पनाच केवढी मोठी आहे!

दुसरा अल्बम म्हणजे त्या रात्री आमच्या खोलीत वाजत होता तो. तोक्योच्या 'एन्व्ही' या १९९२ साली सुरू झालेल्या बँडचा २००३ मधला 'अ डेड सिंकिंग स्टोरी'. गायक तेत्सुया फुकागावा. काही गाणी सात मिनिटांहून लांब. गिटार बराच वेळ हळू, जवळजवळ घाबरत वाजते. गायक बोलल्यासारखा पुटपुटतो. आणि मग एकदम धरण फुटावं तसं सगळं अंगावर येतं. शब्द जपानी, त्यामुळे मला एकही कळत नाही.

थिअरी : आपल्या बाजूचा इतिहास

हे सगळं परदेशातलं झालं. आपल्याकडे? शुद्ध स्क्रीमो म्हणावं असं काही मला आपल्या बाजूला सापडलं नाही, पण त्याची चुलत भावंडं मुंबईत आहेत. धोबीतलावच्या रंगभवनात १९८६ पासून 'इंडिपेंडन्स रॉक' व्हायचं. उघड्यावरचं थिएटर, भोवती कॉलेज आणि हॉस्पिटलं. २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. हॉस्पिटल, शाळा, कोर्ट यांच्या भोवतीचा १०० मीटरचा भाग शांतता क्षेत्र ठरला आणि रंगभवनातलं संगीत बंद पडलं. पेशंटच्या बाजूने पाहिलं तर बरोबरच. पण ओरडण्याची हक्काची जागा गेली ती गेलीच.

तरी त्याच काळात २००० मध्ये 'डिमॉनिक रेझरेक्शन', २००३ मध्ये 'भयानक मौत' आणि २००५ मध्ये 'स्क्राइब' असे बँड मुंबईत उभे राहिले. नावं वाचून घाबरू नका. स्क्राइबच्या २०१० च्या अल्बमचं नाव 'मार्क ऑफ तेजा' आहे, म्हणजे आपल्या 'अंदाज अपना अपना'मधला परेश रावल! पुढचा २०१४ चा अल्बम 'हेल मोगॅम्बो'. अमेरिकन मुलं तळघरात रडत किंचाळली, आणि मुंबईची मुलं हिंदी पिक्चरच्या व्हिलनचा मुखवटा लावून किंचाळली. मला यात आपला स्वभाव दिसतो. आपल्याकडे दुःख सरळ सांगितलं की लोक "काय नाटक करतो" म्हणतात. जोक करून सांगितलं की ऐकून घेतात.

या बँडचे श्रोतेही आपल्यासारखेच, कॉलेजचे. आयआयटी मुंबईच्या मूड इंडिगोतली 'लाइव्हवायर' ही बँडची स्पर्धा प्रसिद्ध आहे. आपल्या भागातल्या मुलांना मात्र तेव्हा तिथे जाणं सोपं नव्हतं. डहाणूपर्यंत लोकल आली ती २०१३ साली. त्याआधी विरारच्या पुढे शटल आणि पॅसेंजर. रात्रीचा कार्यक्रम अर्धा सोडून निघायचं, नाहीतर सकाळपर्यंत प्लॅटफॉर्मवर बसायचं! आउटसायडर हा शब्द आपल्याकडे रेल्वेच्या टाइमटेबलमध्येही लिहिलेला होता.

उपकरणाची रचना व कार्य

आता थोडं इंजिनिअरिंग. आपल्या गळ्यात दोन स्वरतंतू असतात. साधं बोलताना ते पुरुषांमध्ये सेकंदाला शंभर-सव्वाशे वेळा आणि बायकांमध्ये साधारण दोनशे वेळा कंप पावतात. त्यांच्या वर आणखी दोन घड्या असतात, त्यांना खोटे स्वरतंतू म्हणतात. बोलताना त्या गप्प असतात. किंचाळणारा गायक त्यांनाही कामाला लावतो. दोन्हींचा ताल जुळत नाही आणि आवाज फाटतो. ॲम्प्लिफायरला झेपेल त्यापेक्षा जास्त सिग्नल दिला की साइन वेव्हचे शेंडे कापले जातात आणि नवे हार्मोनिक्स तयार होतात, ते आपण लॅबमध्ये सीआरओवर पाहिलंय. गळ्यातलं यंत्र वेगळं, पण कानाला लागणारा परिणाम त्याच जातीचा.

२०१५ मध्ये 'करंट बायॉलॉजी' या नियतकालिकात माणसाच्या किंकाळीवर एक संशोधन आलं. साध्या बोलण्यात आवाजाचा चढउतार सेकंदाला चार-पाच वेळा होतो. किंकाळीत तो सेकंदाला ३० ते १५० वेळा होतो. याला खरखरीतपणा म्हणतात. हा पट्टा बोलण्यात जवळजवळ वापरलाच जात नाही, जणू निसर्गाने तो राखून ठेवलाय. धोक्याच्या अलार्मचे आवाजही याच पट्ट्यात सापडतात, आणि तो ऐकला की मेंदूतला भीती ओळखणारा भाग जागा होतो. तारापूर एमआयडीसीजवळ राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. अवेळी अलार्म वाजला की विचार करायच्या आधीच आपण दारात आलेलो असतो.

म्हणजे किंकाळीचा तांत्रिक अर्थ एकच : 'इकडे लक्ष द्या.' वाक्य नंतर, अर्थ त्याहून नंतर.

निरीक्षणे

१. मराठीत हा आवाज आधीपासून आहे. माझं मराठी कच्चं, म्हणून मी शब्दकोश घेऊन बसले. किंकाळी भीतीची. आरोळी लांबच्या माणसाला हाक मारायची. डरकाळी दुसऱ्याला घाबरवायची. हंबरडा कोणी गेल्यावरचा. बोंब तक्रारीची. आणि टाहो? टाहो मदतीसाठी, कोणीतरी ऐकणारं आहे या आशेवर फोडलेला. हेवी मेटल मला डरकाळी वाटते. स्क्रीमो म्हणजे टाहो. दोन्हीत आवाज सारखाच मोठा, पण एक सांगतो 'लांब हो' आणि दुसरा सांगतो 'जवळ ये'. बाहेरून ऐकणाऱ्याला हा फरक कळत नाही, म्हणून तो कानावर हात ठेवतो. एकट्या माणसाला तो पहिल्या मिनिटात कळतो.

शिवाय आपल्याकडे शिमगा आहे. होळीच्या रात्री तोंडावर हात मारून बोंब ठोकायला समाजानेच परवानगी दिलीय. आपल्या पूर्वजांना माहीत होतं, की वर्षभर गप्प बसलेल्या माणसाला एक रात्र तरी ओरडायला मिळालं पाहिजे. मुलींचं मात्र वेगळं. मला घरी, शाळेत, सगळीकडे "हळू बोल" हेच शिकवलं. हे मी रूममेटला सांगितलं तेव्हा ती हसली. ती जव्हारच्या पुढच्या एका पाड्यावरची. म्हणाली, "आमच्याकडे होळीला पोरीपण ओरडतात. कोणी काही बोलत नाही."

२. शब्द कळत नाहीत हाच फायदा. आमच्या दोघींचं दुखणं भाषेचं होतं, पण उलटसुलट. मी 'तो पेन्सिल' म्हटलं की कँटीनमध्ये हशा. माझं नाव पडलं 'मडम'. ती आश्रमशाळेत मराठीतून शिकलेली. गणितात माझ्यापेक्षा कितीतरी हुशार. पण व्हायवाला इंग्रजीत प्रश्न आला की तिचा गळा बंद. उत्तर माहीत असूनही! बाहेर आल्यावर तेच उत्तर ती मला मराठीत घडाघडा सांगायची. जपानी अल्बमसमोर मात्र आम्ही दोघी सारख्याच. तिथे कोणाचं ग्रामर चुकत नव्हतं. इअरफोनचा एक कान तिचा, एक माझा. एकदा एक गाणं संपल्यावर ती म्हणाली, "व्हायवात मला असंच होतं. आतून." त्या दिवशी तिने माझ्या बारा दिवस अडलेल्या प्रश्नाचं उत्तर दिलं.

३. एकट्याचं गाणं एकट्याने म्हणायचं नसतं. या गाण्यांमध्ये एक जागा अशी येते, की गायकाबरोबर समोरचे सगळे ओरडतात. माइक गर्दीत जातो. सूर लागला नाही तरी चालतं, कारण सूर कोणाचाच लागलेला नसतो. इतर संगीतात चांगलं गाणाऱ्याला जागा असते, इथे गळा असलेल्या कोणालाही. रेकॉर्डिंगही स्वस्तातलं, कुठे खरखर, कुठे श्वास घेतलेला ऐकू येतो. त्यामुळे ऐकणाऱ्याला वाटतं, की हा माझ्यापेक्षा कोणी मोठा नाही. आउटसायडर मुलाला 'तू आमच्यात ये, आमच्यासारखा हो' असं सगळेच सांगतात. हा अल्बम सांगतो, 'तू आहेस तसा तिथेच उभा राहा, मीही इथेच उभा आहे.'

४. सगळे बाहेरचे सारखे नसतात. हे निरीक्षण मी उशिरा लिहिलं, खरं तर आधी लिहायला हवं होतं. १९७२ साली नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' आला. त्याच वर्षी दलित पँथर स्थापन झाली. ती किंकाळी वस्तीबाहेर ठेवलेल्या माणसांची होती, आणि तिला वाट पाहायची नव्हती, हिशोब मागायचा होता. माझं 'मडम' असणं आणि माझ्या रूममेटचं गप्प होणं यातही असाच फरक आहे. माझ्यावर हसले, ते चार महिन्यांनी विसरले. तिचे मार्क गेले. दोघी एकच गाणं ऐकत होतो म्हणून आमचं दुखणं एक झालं नाही. गाणं जवळ आणतं, पण बरोबरी करून देत नाही.

प्रयोगाचा आधार

"असलं ऐकून पोरं बिघडतात" असं काही सर आणि बहुतेक आईवडील म्हणतात. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड विद्यापीठात २०१५ मध्ये यावर प्रयोग झाला. असं टोकाचं संगीत नेहमी ऐकणारे १८ ते ३४ वयाचे ३९ जण घेतले. त्यांना राग येईल अशा आठवणी मुद्दाम काढायला लावल्या. मग निम्म्यांना दहा मिनिटं स्वतःच्या आवडीचं संगीत दिलं, निम्म्यांना शांत बसवलं. संगीत ऐकणाऱ्यांचा राग वाढला नाही, उलट दोन्ही गटांचा चिडचिडेपणा कमी झाला. शांत बसूनही तो उतरला, हे लक्षात घ्या. फरक एवढाच, की संगीत ऐकणाऱ्यांना वर उत्साह वाटला. ३९ जण म्हणजे फार मोठा आकडा नाही आणि ते सगळे आधीच शौकीन होते. त्यामुळे 'स्क्रीमो ऐका, बरे व्हा' असं मी म्हणणार नाही. 'ऐकल्याने बिघडतात' असं म्हणायला मात्र आधार लागेल.

खबरदारी

एक, कान. ८५ डेसिबलला आठ तास ही सुरक्षित मर्यादा मानतात आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटं. रात्रभर फुल व्हॉल्यूम म्हणजे आत्महानीच.

दोन, गळा. टेरेसवर जाऊन नक्कल करू नका. नुसता गळा ताणून ओरडलं तर स्वरतंतूंना गाठी येतात. न्यूयॉर्कच्या मेलिसा क्रॉस या शिक्षिकेने किंचाळणं शिकवण्यासाठी २००५ मध्ये खास डीव्हीडी काढली होती. म्हणजे यालाही रियाज लागतो!

तीन, सगळ्यात महत्त्वाचं. गाणं टाहो फोडू शकतं, तुमचा टाहो ऐकू शकत नाही. कोणी दिवसेंदिवस फक्त इअरफोन लावून भिंतीकडे तोंड करून पडलं असेल, जेवण सोडत असेल, तर बोलायला माणूसच हवा. सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा २०२२ पासून आहे, नंबर १४४१६. मराठीतही बोलता येतं.

निष्कर्ष

इथे लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला.

माझी रूममेट फर्स्ट इयरनंतर कॉलेज सोडून गेली. विषय राहिले, इयर डाउन झाला, घरून पैशांचं जमेना. सामान बांधत होती त्या दिवशी मी शेजारी बसून होते आणि मला काही बोलायला सुचलं नाही. इंग्रजीतही नाही, मराठीतही नाही. वर्षभर आम्ही इअरफोन वाटून घेतला. पण व्हायवाच्या आदल्या रात्री बसून तिच्याकडून इंग्रजीत दहा उत्तरं बोलून घ्यावीत, एवढं साधं माझ्या डोक्यात आलं नाही. मी तिच्याबरोबर किंकाळी ऐकत होते आणि शेजारचा टाहो मला ऐकू आला नव्हता.

म्हणून माझा निष्कर्ष असा. स्क्रीमो बाहेरच्या मुलांना आवडतं, कारण शब्द सापडण्याच्या आधीची हाक त्यात आहे आणि त्या हाकेला समोरून ओ देणारी गर्दीही त्यात आहे. इअरफोनमध्ये पहिली गोष्ट मिळते, दुसरी मिळत नाही. दुसरी आपल्याला इथेच, या कॉरिडॉरमध्ये तयार करावी लागते. यंदा आम्ही चौघीजणी व्हायवाच्या आधी फर्स्ट इयरच्या मुलींना बोलायची प्रॅक्टिस देतो, रात्री नऊनंतर रीडिंग रूममध्ये. चुकलं तर हसायचं नाही, एवढा एकच नियम. ज्यांना यायचंय त्यांनी या. 'तो पेन्सिल' म्हणणारेही चालतील.

ती आता बोईसरला एका कंपनीत पॅकिंगला आहे. कधीतरी स्टेशनवर भेटते, शिफ्टच्या घाईत असते. गेल्या होळीला रात्री साडेअकराला तिचा व्हॉइस मेसेज आला. अकरा सेकंदांचा. मागे ढोल, माणसांचा गलका आणि त्यातून वर येणारी तिची एक लांबलचक बोंब.

पिन नीट बसलीय का बघितलं नाही. अख्ख्या खोलीला ऐकू गेली. नवीन रूममेट उठून बसली आणि म्हणाली, "काय झालं? कोण आहे?"

"माझी मैत्रीण आहे," मी म्हटलं. "थांब, परत लावते."